पालक वडी 'हेल्दी' म्हणून विकायची? मग आधी तेल मोजा!

व्हिडिओमध्ये आपण पालक भजीऐवजी वाफवलेली पालक वडी केली. इथे मापं आणि हिशोब देतोय, वहीत उतरवून घ्या.

'हेल्दी' असं आजकाल सगळेच लिहितात. पण गिऱ्हाईकाने "हेल्दी म्हणजे नक्की काय?" विचारलं, तर उत्तर आकड्यात देता आलं पाहिजे.

एका घाण्याचं माप

निवडलेला पालक 250 ग्रॅम, बेसन 150 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, हळद, मीठ.

1. पालक धुऊन पूर्ण निथळू द्या, मग बारीक चिरा.
2. मीठ-मसाला लावून 5 मिनिटं ठेवा. पालकाला पाणी सुटतं, त्यातच पीठं मळा. वरून पाणी लागलंच तर फक्त पाण्याचा हात लावा.
3. रोल वळून चाळणीत 15-20 मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, स्वच्छ निघाली की झालं.
4. पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम कापलं की वडी तुटते.

20 ग्रॅमची एक, अशा साधारण 20 वड्या होतात. त्या तव्यावर 2 छोटे चमचे, म्हणजे 10 मिली तेलात खरपूस करा. 5 वड्यांच्या प्लेटला तेल किती? फक्त 2.5 मिली, अर्धा छोटा चमचा! आता हाच आकडा गिऱ्हाईकाला सांगा.

भजीशी तुलना करायचीय? तळण्याआधी तेलासकट कढईचं वजन करा, तळून गार झाल्यावर पुन्हा करा. जो फरक येईल तेवढं तेल संपलं. तोच आकडा तुमच्या खर्चातही धरायचा असतो.

पालकाचा खरा भाव

समजा, 400 ग्रॅमची जुडी 20 रुपयांना आणली आणि निवडून 250 ग्रॅम उरली. मग तुमचा पालक किलोला 50 रुपयांनी नाही, 80 रुपयांनी पडला. गॅस, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी यावर धरा, मगच दर ठरवा.

पाकिटावर काय लिहायचं?

'वाफवून, कमी तेलात परतलेली' असं लिहा. 'ऑइल फ्री' नको, कारण आपण तेल वापरलंय. 'शुगरवर गुणकारी' असले दावे तर अजिबात नकोत. एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक मात्र हवाच.

पुढच्या ऑर्डरआधी एक घाणा घरी करा आणि प्रत्येक वजन लिहून ठेवा. दर काय लावायचा, ते ती वहीच सांगेल.