अरबी रूपविचार आणि मराठीतील काही दफ्तरी शब्द

विद्यापीठीय स्तरावर अरबीचे अध्ययन करणाऱ्यास ‘सर्फ’, म्हणजे रूपविचार, सर्वाधिक दुर्घट वाटतो. बहुधा तीन व्यंजनांचा धातू आणि त्यावर बसविलेले स्वरांचे साचे ही व्यवस्था प्रत्ययप्रधान व्याकरणास सरावलेल्या मनाला परकी भासते. अरब वैयाकरण साच्याला ‘वजन’ म्हणतात. क्रियापदाची दहा रूपे सामान्यतः शिकविली जातात. मराठी भाषकास या साच्यांचा परिचय मात्र नकळत आधीच झालेला असतो.

हेब्बाळ ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथे तालुक्याचा अधिकारी ‘अमलदार’. मुंबई इलाख्यातील मराठी मुलखात तो ‘मामलेदार’. नावे दोन, धातू एकच : ऐन-म-ल, ‘काम करणे’. ‘अंमल’ हे मूळ रूपाचे नाम; ‘मामला’ हे तिसऱ्या रूपाचे, जे सामान्यतः दुसऱ्याशी असलेला व्यवहार दर्शविते. ‘मुकाबला’ त्याच वजनाचा. आज दोन्हीकडे ‘तहसीलदार’ रूढ आहे. ‘त्यात काय हशील?’ मधील ‘हशील’ कर्तरी धातुसाधित, ‘महसूल’ कर्मणी, तर ‘तहसील’ दुसऱ्या रूपाचे क्रियानाम. या रूपात मधल्या व्यंजनाचे द्वित्व होऊन अर्थ बहुधा प्रयोजक बनतो : प्राप्त होणे, यावरून प्राप्त करणे, वसूल करणे. ‘तालीम’, ‘तपशील’, ‘तजवीज’ हे याच साच्याचे. ‘इन्कार’, ‘इन्साफ’ चौथ्या रूपाचे. ‘तालुका’ पाचव्या रूपातील ‘तअल्लुक’वरून आलेला.

तथापि या साम्याच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. हे शब्द मुख्यत्वे फारसीच्या द्वारे आले आणि नामे व विशेषणे म्हणूनच आले. मराठीने घडलेली भांडी घेतली, चाक घेतले नाही. म्हणून ‘मंजूर’ला ‘करणे’ जोडावे लागते. अर्थही सरकला : अरबीतील ‘शिक्षण’ मराठीत आखाडा झाले. शिवाय उच्चारभेद लोपल्याने फसगत होते. ‘नजर’, ‘नाझर’, ‘मंजूर’ यांच्या धातूत ‘झोय’ आहे. ‘नजराणा’ ज्या नवसवाचक धातूचा, त्यात ‘झाल’. मराठी लेखनात दोन्ही बहुधा ‘ज’च.

सतराव्या शतकातील ‘राज्यव्यवहारकोशा’ने अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, माधवराव पटवर्धनांच्या ‘फार्शी-मराठी कोशा’ने (1925) त्यांची मुळे दाखविली. पण वर्णानुक्रमात ‘तहसील’ आणि ‘महसूल’ दूर पडतात. अरबी कोश परंपरेने त्यांना एका धातूखाली बसवितो. मराठी विद्यार्थ्याने परिचित शब्द प्रथम धातुवार लावावेत आणि प्रत्येकाचे मूळ अरबी लेखन ताडून पाहावे. मग कोष्टक हे पाठांतराचे ओझे न राहता ज्ञात शब्दांचे स्पष्टीकरण ठरेल.