वेल्डिंग केलेला रोटर भरवशाचा असतो का?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पातल्या टर्बाइनचा रोटर यंदा ऑफ सीझनमध्ये दुरुस्तीला गेला होता. बेअरिंगमध्ये बसणारा भाग खरवडला होता. तिथे वेल्डिंगने धातू भरून, लेथवर कातून रोटर परत आला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचं वेल्डिंग एक हंगाम धड टिकत नाही, मग मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या रोटरवरचं टिकणार कसं? त्यापेक्षा नवा रोटर का घेत नाहीत?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : टिकतं. मात्र ट्रॉलीला मारतात तसे टाके रोटरला मारले, तर बॉयलर पेटायच्या आतच भेग दिसेल. धातूला धातू जोडणं हा या कामातला सोपा भाग. खरं कसब आहे ते उष्णता सांभाळण्यात.

आधी रोटर काय सोसतो ते पाहू. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर मध्यापासून एक मीटरवर असलेला एक किलोचा तुकडा जवळपास दहा टनांच्या जोराने बाहेर ओढला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने मोठ्या औष्णिक केंद्रांतली टर्बाइनं याच वेगाने फिरतात. लहान टर्बाइनं अनेकदा गिअरबॉक्स लावून त्याहून जोरात फिरवतात. शिवाय रोटर दोन बेअरिंगांवर टेकलेला असतो आणि स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो. त्यामुळे फिरताना त्याची प्रत्येक बाजू वर आली की दाबली जाते, खाली गेली की ताणली जाते. ३००० च्या वेगाने हे दिवसाला ४३ लाख वेळा घडतं, दीडशे दिवसांच्या हंगामात सुमारे ६५ कोटी वेळा. वेल्डमध्ये राहून गेलेली बारीकशी पोकळी एवढ्या हेलकाव्यांनी वाढत वाढत भेग होऊ शकते.

आता पोलादाकडे वळू. ट्रॉली साध्या माइल्ड स्टीलची. त्यात कार्बन कमी, म्हणून ते कसंही वेल्ड केलं तरी बऱ्यापैकी जुळतं. ट्रॉलीचे सांधे तुटतात ते बेसुमार भरलेल्या उसामुळे, न घासलेल्या गंजामुळे आणि ओलसर रॉडमुळे. वाफेच्या टर्बाइनच्या गरम टोकाचे रोटर बहुधा क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम घातलेल्या पोलादाचे असतात आणि त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. या मिश्रणामुळे पोलाद तापलेल्या वाफेतही ताकद टिकवतं, पण वेल्डरसाठी तेच डोकेदुखी ठरतं.

लोहार कोयता लाल तापवून त्याला पाणी देतो, तेव्हा धार कडक होते आणि ठिसूळही होते. रोटरवर आर्क पडतो तिथे हेच होतं, फक्त पाण्याचं काम रोटरचं अवजड थंड अंग करतं. ते उष्णता इतक्या झपाट्याने शोषून घेतं की टाक्याखालचा काही मिलिमीटरचा पट्टा कडक, ठिसूळ होऊन बसतो. फ्लक्समध्ये किंवा हवेत ओलावा असेल तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि या पट्ट्यात जाऊन ठाण मांडतो. वेल्ड आकसताना ताण धरतोच. ठिसूळपणा, हायड्रोजन आणि ताण एकत्र आले की भेग पडते. ती लगेच दिसतेच असं नाही, काही तासांनी किंवा दिवसांनीही उघडते. म्हणूनच अशा कामाची तपासणी वेल्डिंग संपल्या संपल्या उरकून चालत नाही.

चांगल्या वर्कशॉपमध्ये काम वेल्डिंगने सुरू होत नाही. आधी पोलादाचं पृथक्करण होतं, हार्डनेस मोजतात, चुंबकीय कणांनी आणि अल्ट्रासॉनिकने भेगा शोधतात. खराब भाग पूर्ण कातून काढतात, कारण भेगेचं टोक आत राहिलं तर वरचं वेल्डिंग म्हणजे नुसतं झाकण. मग रोटर २०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. नेमका आकडा पोलादावर ठरतो. काम संपेपर्यंत तो त्याखाली येऊ देत नाहीत. रोटर रोलरवर आडवा ठेवून सावकाश फिरवला जातो आणि सबमर्ज्ड आर्क पद्धतीने तार फ्लक्सच्या थराखाली वितळत गोल गोल थर चढवते. सगळीकडून सारखे थर पडले नाहीत तर एका बाजूचं आकसणं शाफ्टला वाकवतं आणि इथे काही शतांश मिलिमीटरचा बाकही खपत नाही. तार सहसा कमी कार्बनची निवडतात. थरांचा क्रम असा बांधतात की वरच्या थराच्या उष्णतेने खालचा कडक पट्टा नरम पडावा.

यानंतर येते पोस्ट हीट. वेल्डचा भाग ६०० अंशांच्या पुढे नेऊन तासन्‌तास तिथेच धरतात आणि अगदी हळूहळू थंड करतात. ठिसूळपणा आणि ताण इथे उतरतो. पण रोटर घडवताना ज्या तापमानाला त्याचं टेंपरिंग झालं होतं, त्याच्या खालीच राहावं लागतं, नाहीतर मूळ अंगच नरम पडतं. या तापमानाला आडवा, स्थिर ठेवलेला रोटर झोळ खाईल, म्हणून त्याला फिरवत ठेवतात किंवा उभा टांगतात. शेवटी कातकाम, पुन्हा भेगांची तपासणी आणि बॅलन्सिंग. मोठ्या रोटरांचं बॅलन्सिंग हवा काढून घेतलेल्या बोगद्यात पूर्ण वेगाने आणि थोडा वेळ त्याहूनही जास्त वेगाने होतं. हवा ठेवली तर ब्लेड ती घुसळून तापतील आणि रोटर फिरवायलाच अफाट वीज लागेल. ‘भेल’च्या हैदराबाद आणि हरिद्वारच्या कारखान्यांत असे बोगदे आहेत.

कुठेही वेल्डिंग चालतं का? नाही. तुमच्या रोटरचा बेअरिंगमधला भाग, म्हणजे जर्नल, तुलनेने सुरक्षित जागा आहे. तिथे केंद्रापासूनचं अंतर कमी, ब्लेडची ओढ नाही आणि वाफेचा ताव नाही. ब्लेड ज्या खाचांत बसतात ती डिस्कची कड अवघड; तिथेही आता वेल्डिंग होतं, पण प्रत्येक रोटरचा वेगळा हिशेब मांडून. रोटरच्या पोटात खोल दोष असेल, तर वेल्डिंगचा विचारच सोडावा लागतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या गॅलटिन वीज केंद्रात १९७४ साली थंड अवस्थेतून चालू करताना एक रोटर फुटला. त्याच्या मधल्या भोकाजवळ मँगनीज सल्फाइडचे कण घोळक्याने अडकलेले होते आणि वर्षानुवर्षांच्या ताव-ताणाने तिथेच भेग वाढली होती. अशा ठिकाणी दोषाचा भाग आतून कातून काढतात, नाहीतर रोटर मोडीत काढतात.

मग नवा का घेत नाहीत? मोठा रोटर सहसा एकाच अखंड फोर्जिंगमधून कातलेला असतो. जपानमधल्या मुरोरानसारखी एवढी अजस्र फोर्जिंग घडवणारी ठिकाणं जगात मोजकीच आहेत. तुमचा रोटर त्या मानाने लहान, पण नव्याला महिने लागतात आणि दुरुस्ती आठवड्यांत होते. कारखान्याला गळीत हंगाम गाठायचा असतो.

वेल्डिंग म्हणजे तडजोड, हा समजही पुरता खरा नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने १९३० च्या दशकापासून नवेकोरे रोटरच लहान फोर्जिंग एकमेकांना वेल्ड करून बांधले. बारा टक्के क्रोमियमचे रोटर बेअरिंगमध्ये चट्‌कन खरवडले जातात, म्हणून त्यांच्या जर्नलवर कमी क्रोमियमच्या पोलादाचा थर कारखान्यातच वेल्डिंगने चढवतात. उलट कमी दाबाच्या रोटरवर वाफ ओली व्हायला लागते तिथे क्षारांमुळे डिस्कच्या कडा तडकतात. त्या दुरुस्त करताना जास्त क्रोमियमची तार वापरली, तर नवा थर त्या हल्ल्याला मूळ पोलादापेक्षा जास्त तग धरतो.

तेव्हा वेल्डिंग झालं म्हणून घाबरू नका, पण कागद मागा. प्रीहीट आणि पोस्ट हीटचा तापमान-आलेख, दुरुस्तीनंतरची हार्डनेस, भेगांच्या तपासणीचा अहवाल आणि बॅलन्सिंगचा दाखला, एवढं तरी वर्कशॉपने द्यायलाच हवं. यातला तापमान-आलेख सर्वांत आधी पाहा. तो मिळत नसेल, तर वेल्ड बाहेरून कितीही चकचकीत असला तरी रोटर बसवण्याआधी तुमच्या इंजिनिअरांशी बोलून घ्या. आणि हंगामाच्या सुरुवातीला पहिल्यांदा वेग चढवताना कंपनांच्या आकड्यांवरून नजर हलवू नका.