पिवळ्या सोयाबीनला युरिया टाकण्याआधी

सोयाबीन पिवळं पडलं की पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाच-सहा रोपं मुळासकट खणा आणि कोणतं पान पिवळं झालंय ते नीट बघा. परभणीकडच्या आमच्या काळ्या रानात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा अशी फेरपालट चालते. एका खरिपात त्याच रानात दोन तऱ्हेचा पिवळेपणा आला आणि दोन्हींची कारणं निराळी निघाली.

घरची जनावरं कमी झाल्यापासून शेणखत विकत घ्यावं लागतं. त्या साली ‘पूर्ण कुजलेलं’ म्हणून ठरवलेलं खत ऐन रोहिणीत येऊन पडलं. वरून काळंभोर, आत हात घातला तर गरम, तुरीच्या काड्या आणि कडब्याचे तुकडे जसेच्या तसे. पेरणी तोंडावर आलेली, म्हणून ते पसरलं गेलं. पुढे जिथे जिथे ढीग उतरले होते तिथे सोयाबीनची खालची, जुनी पानं आधी फिकी पडली. अर्धकच्च्या काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र थोडं. तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि कोवळं रोप उपाशी राहतं. काही रोपं तर नुसती सुकत होती. ओढली की अलगद हातात यायची, मुळं कुरतडलेली, आणि खाली हुमणीच्या मळकट पांढऱ्या अळ्या. मुळांवर गाठी धरल्यावर पिवळी रोपं सावरली, पण हुमणीने खाल्लेल्या जागा रिकाम्याच राहिल्या.

कृषी सेवा केंद्रात सल्ला मिळाला, “ताई, एकरी गोणीभर युरिया फेका, आठ दिवसांत हिरवंगार!”

ढिगांपासून लांबच्या रानातली रोपं खणली. मुळांवर गाठी भरपूर होत्या, नखाने चिरली की आत गुलाबी. गुलाबी गाठ म्हणजे हवेतलं नत्र धरण्याचं काम चालू आहे. अशा पिकावर युरिया फेकला की गाठींचं काम मंदावतं आणि झाड पाल्यावर जातं. तरीही या रोपांचे शेंडे पिवळे होते: नवी पानं, शिरांसकट सारखीच फिकी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असता तर लोहाची कमतरता म्हटलं असतं, चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. इथे गंधक कमी पडलं होतं.

ते का, हे आम्ही टाकत आलेल्या डीएपीच्या गोणीवरचे आकडे वाचले की कळतं. सोयाबीनला परभणीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि वर २० किलो गंधक अशी आहे. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, गंधक अजिबात नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत ११ टक्के गंधक येतं. एकरी ५० किलोची एक गोणी डीएपी टाकली तर २३ किलो स्फुरद मिळतं. सुपरच्या तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद आणि साडेसोळा किलो गंधक मिळतं. त्याला २६ किलो युरिया आणि २० किलो पोटॅशची जोड दिली की एकराचा हिशेब पुरा. तीन गोण्या वाहायला जड म्हणून गावोगाव सुपर मागे पडलं, आणि तेलबियांच्या रानाला त्याचीच गरज जास्त.

‘सोयाबीन जमिनीत नत्र सोडून जातं, हरभऱ्याला काही लागत नाही’ हेही सर्रास ऐकू येतं. सोयाबीनने धरलेलं बहुतेक नत्र दाण्यात भरून बाजारात जातं. मागे राहतो तो गळालेला पाला आणि मुळं. त्यात मळणीनंतर भुसकटाची गंजी पेटवली तर त्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं आणि पालाश राखेच्या एका ढिगात अडकून बसतं. हरभऱ्याला आधार मिळतो तो खरिपात दिलेल्या शेणखताचा आणि उरलेल्या स्फुरदाचा. म्हणून खताचा हिशेब एका पिकाचा करू नका, दोन्ही हंगामांचा मिळून करा. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका पट्ट्यावर १८५२ ते १८७१ दरवर्षी शेणखत पडलं, मग बंद झालं. शंभर वर्षांनीही त्या मातीतला कर्ब कधीच शेणखत न मिळालेल्या पट्ट्याहून जास्त भरला. आपल्या उन्हात कर्ब लवकर जळतो, तेव्हा इकडे दर दोन-तीन वर्षांनी तरी भर घालत राहावं लागतं.

खत घेताना ढिगात लोखंडी सळई खुपसून थोडा वेळ ठेवा. सळई गरम निघाली, नाकाला झोंबणारा वास आला किंवा काडी ओळखू आली तर ते खत रानात नेऊ नका. खड्ड्यात ओलवून, वरून माती लिंपून काही महिने मुरू द्या. मुरलेलं खतही उन्हात ढीग घालून ठेवू नये, त्यातलं नत्र उडून जातं. पसरलं की त्याच दिवशी वखराची पाळी द्या. आणि झिंक सल्फेट देणार असाल तर ते डीएपीत किंवा सुपरमध्ये मिसळू नका, जस्त स्फुरदाशी बांधलं जाऊन पिकाला लागत नाही.

माती तपासायची ती हरभरा निघाल्यावर, खत पडण्याआधी. बांध, झाडाखालची जागा आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडून, वीतभर खोल, नागमोडी चालत नमुने घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश एवढंच वाचून तिची घडी घालू नका. गंधक, जस्त, लोह हे रकाने बघा आणि खत आणायला जाताना ती पत्रिका दुकानात सोबत न्या.