वणवाप्रवण क्षेत्रातील घर व बाग : मालकाची जबाबदारी

सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात वाढलेले गवत हिवाळ्याअखेर वाळते आणि फेब्रुवारी ते मे या काळात वणव्याचे इंधन बनते. हिमालयात चीड वृक्षाच्या राळयुक्त सुया, म्हणजेच पिरूल, हीच भूमिका बजावतात. वणवा विझविणे हे वन विभागाचे काम मानले जाते. परंतु घर वाचेल की नाही, हे बहुतांशी मालकाने आधी केलेल्या तयारीवर अवलंबून असते.

घर कसे पेटते?

अमेरिकी वन सेवेतील संशोधक जॅक कोहेन यांच्या अभ्यासानुसार घराचे भवितव्य मुख्यतः घराची बांधणी आणि त्याभोवतीचा सुमारे ३० मीटरचा परिसर ठरवतो. अनेकदा ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच वाऱ्यासोबत आलेल्या ठिणग्या पन्हळीतील पाला, सरपण किंवा पेंढा पेटवितात.

घराभोवतीचे तीन पट्टे

• १.५ मीटरपर्यंत : पाला, सरपण, गोणपाट व पेंढा अजिबात नसावा. छप्पर व पन्हळी स्वच्छ ठेवाव्यात.
• १.५ ते ९ मीटर : गवत आखूड कापावे, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. गवताची गंजी या पट्ट्याबाहेर रचावी.
• ९ ते ३० मीटर : वाळलेली झाडे काढावीत व झुडपांची दाटी विरळ करावी.

आग चढाच्या दिशेने वेगाने सरकते. म्हणून उतारावरील घराच्या खालच्या बाजूस सफाईचे अंतर वाढवावे.

बाग आणि कीड व्यवस्थापन

ओलावा टिकविण्यासाठी बागेत केलेले पाल्याचे आच्छादन उपयुक्त असते. ते फक्त घरालगत टाळावे. संपूर्ण बाग खरवडल्यास जमिनीवरील परभक्षी कोळी व भुंगेरे यांचा आसरा नष्ट होतो. गोळा केलेला पाला जाळण्याऐवजी कंपोस्टसाठी वापरावा. खोडकिड्याने वाळलेली काजूची झाडे उन्हाळ्यापूर्वीच मुळासकट काढावीत. त्यांच्या लाकडात अळ्या जिवंत राहू शकतात. असे लाकूड सरपण म्हणून घराशेजारी रचल्यास तेथे किडीचे व आगीचे असे दोन्ही धोके एकत्र येतात.

स्वतःच्या आगीची जबाबदारी

भात व नाचणीच्या रोपवाटिकेसाठी भाजलेला राब, बांधावर पेटविलेला कचरा आणि आग्या मधमाश्यांचे पोळे काढताना वापरलेले पलिते यांतूनही वणवे लागतात. राखीव वनास धोका होईल अशी आग पेटविणे किंवा तशी जळती सोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. राब भाजण्यापूर्वी भोवती जाळरेषा काढावी, वाऱ्याची वेळ टाळावी, पाणी व पुरेशी माणसे जवळ ठेवावीत आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये.

एका घराची निष्काळजी शेजारच्या घरांनाही भोवते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी जानेवारीतच वाडीनिहाय पाहणी करून प्रत्येक कुटुंबाकडून ही कामे पूर्ण करून घ्यावीत. महाराष्ट्रात वणवा दिसताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.