गिअरबॉक्स बघून गाडी घे

चि. बाळ हिस,


तू पाठवलेले गाड्यांचे फोटो पाहिले. एक २०१८ ची ब्रेझा, एएमटीची. दुसरी २०१७ ची क्रेटा, ऑटोमॅटिक. तिसरी मॅन्युअल ब्रेझा दाजींनी कराडातच बघून ठेवली आहे असं तुझ्या आईकडून, ताईकडून, कळलं. दाजी म्हणतात ऑटोमॅटिकला जास्त पैसे कशाला द्यायचे, आणि तुझ्या बँकेतल्या मैत्रिणी म्हणतात आता मॅन्युअल घेतं कोण. दोन्ही मतं थोडा वेळ बाजूला ठेव. वापरलेली डिझेल गाडी घेताना माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची: समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा गिअरबॉक्स किती झिजला आहे, आणि ते आपल्याला तपासून कळतंय का.

डिझेल घ्यावी की नाही, यावर मी वाद घालणार नाही. शाखा तपासायला तू कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण अशी फिरतेस, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर सहज होतात. घर ते ऑफिस एवढंच जाणं-येणं असतं तर नको म्हणालो असतो. विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो, आणि गावातल्या गावात फिरून तो तुंबतो. तुझे रस्ते लांबचे, आणि तू बघतेस त्या गाड्या बीएस-४ च्या. तो प्रश्न तुझ्यापुरता मिटला.

आता गिअरबॉक्सकडे येतो. मॅन्युअल गाडीचा मोठा गुण असा की ती झीज लपवत नाही. क्लच पेडल फार वर आल्यावर गाडी उचलते का बघ. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोड. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतो आहे. बंद न पडता फिरत राहिलं तर प्लेट गेली. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस दे. आरपीएम चढतोय आणि वेग तिथेच, म्हणजे क्लच स्लिप होतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे काम कराडातला कुठलाही बरा मेकॅनिक एका दिवसात करून देतो. सावध एकाच ठिकाणी राहायचं. काही डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं असतं. ते गेलं की क्लचच्या कामाचा खर्च कितीतरी वाढतो. गाडी बंद करताना खालून खडखडाट आला तर हे मनात आण आणि किमतीतून ती रक्कम वजा करूनच बोल.

ऑटोमॅटिकमध्ये हे इतकं सरळ नाही. शिवाय ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या आतून एक नसतात, आणि एजंट हे सांगत नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त पायाचं आणि हाताचं काम मशीन करतं. त्यामुळे गिअर बदलताना मान पुढे डोलते, आणि क्लच माणसाच्या गाडीइतकाच झिजतो. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारा मालक असेल तर जास्तच. क्रेटातला सहा गिअरचा बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. त्यात इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, घासून संपणारी क्लच प्लेट मधे नसते. डिझेलचा जोर कमी आरपीएमलाच येतो आणि हा बॉक्स तो जोर शांतपणे पेलतो. इनोव्हा क्रिस्टा २०१६ मध्ये आली तेव्हा तिची २.८ लिटरची ऑटोमॅटिकही याच जातीची होती.

तिसरी जात दोन क्लचची, व्हेंटो आणि रॅपिड डिझेलमध्ये मिळायची. चालवायला फार सुंदर. पण तिच्या दुरुस्तीला लागणारी अवजारं आणि जाणकार पुण्या-मुंबईतच, म्हणून कराडात राहणाऱ्या माणसाला मी ती सुचवत नाही. चौथा प्रकार सीव्हीटीचा, तो डिझेलमध्ये आपल्याकडे क्वचितच आला. २०१८ च्या होंडा अमेझमध्ये होता, आणि त्यासाठी कंपनीने त्याच इंजिनची ताकद १०० वरून ८० पीएसवर आणली होती. एकच इंजिन, एकच गाडी, पण गिअरबॉक्स बदलला की चढावर वेगळी वागते, हे त्यावरून ध्यानात घे.

तुझ्या मैत्रिणींचं एक म्हणणं मात्र खरं आहे. छोट्या डिझेल इंजिनात टर्बो भरेपर्यंत गाडी मेल्यासारखी असते. स्विफ्ट आणि डिझायरमधलं १.३ लिटरचं इंजिन १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर २००० आरपीएमला देतं. त्याच्या खाली गर्दीत रांगत जायचं तर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत डावा पाय भरून येतो. तू रोज कात्रज किंवा हिंजवडीत अडकत असतीस तर मी ऑटोमॅटिकच घे म्हणालो असतो. कराड-पाटण रस्त्यावर तसली गर्दी नाही. त्यामुळे तुझ्या एकटीच्या वापराला दाजींची मॅन्युअल पुरेशी आहे, आणि तपासायला सोपी म्हणून माझं मत तिकडेच होतं.

पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की गाडी आली की आईही चालवेल. ते वाचून मी पुन्हा विचार केला.

ताईने गाडी शिकून लायसन्स काढलं होतं. एका चढावर थांबली असताना क्लच सोडायला उशीर झाला, गाडी मागे सरकली, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला, आणि तिने त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. तुझ्या फिरतीच्या दिवसांत दवाखाना, बाजार, माहेरी यायचं, सगळ्याला ती दुसऱ्यावर अवलंबून असते. ती पुन्हा चालवणार असेल तर ऑटोमॅटिकला जास्त पैसे देणं मला योग्य वाटतं. मात्र एएमटी नको. जुन्या एएमटी गाड्या चढावर तशाच मागे येतात, आणि तिची भीती नेमकी तीच आहे. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ब्रेक सोडला की स्वतःहून पुढे सरकते. साध्या चढावर मागे येत नाही. उभ्या चढावर हँडब्रेक लावून निघायचं तिला शिकव.

म्हणजे क्रेटा. पण ती क्रेटा चांगली निघाली तरच. सकाळी इंजिन थंड असताना बघायला जा, आधी बोनेटला हात लावून बघ. मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर तिथेच प्रश्न विचार. ब्रेक दाबून डीमध्ये टाक, मग आरमध्ये. गिअर लागायला उशीर होतोय किंवा धक्का बसतोय, तर पुढे बोलूच नकोस. गाडी नीट तापल्यावर अर्धा तास चालव, चढ घे, आणि तिसऱ्याचा चौथा होताना आरपीएम उगाच उडतो का ते बघ. गिअरबॉक्सचं तेल लालसर असायला हवं. काळपट आणि जळका वास असेल तर आतली झीज झाली आहे. बऱ्याच गाड्यांत हे तेल बघायला डिपस्टिक नसते, त्यामुळे लिफ्टवर घेऊन प्लग उघडावा लागतो. हे करायला मालक तयार नसेल तर नको म्हण. ‘या गिअरबॉक्सला आयुष्यभर तेल बदलावं लागत नाही’ असं कोणी सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. साठ-ऐंशी हजार किलोमीटरला ते बदलतात, आणि बदलल्याचं बिल असतं.

किलोमीटरचा आकडा एकटा काही सांगत नाही. हायवेवर लाखभर चाललेला गिअरबॉक्स मुंबईच्या गर्दीत पन्नास हजार रांगलेल्यापेक्षा बरा निघतो. पहिला मालक कुठे राहायचा, रोज कुठून कुठे जायचा, हे विचारच. सर्व्हिसची नोंद, पेडलच्या रबराची झीज आणि स्कॅनरवर दिसणारे किलोमीटर जुळतात का बघ. दिल्लीकडची स्वस्त गाडी एजंट पुढे करेल. तिकडे डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा लागू झाल्यावर त्या आपल्याकडे येऊ लागल्या. पण एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स भरायचा, आणि गिअरबॉक्स तिथल्या गर्दीत झिजलेला. यात पडू नकोस. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

गाडी घेतल्यावरच्या दोन गोष्टी आत्ताच सांगतो. कुंभार्ली उतरताना डीमध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर येऊ नकोस. लिव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन तिसरा किंवा दुसरा गिअर धर, पावसात तर नक्कीच. न्यूट्रल टाकून घाट कधीच उतरायचा नाही, आईलाही हे पहिल्याच दिवशी सांग. दुसरं, ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्यायची नसते. कोयनेच्या बाजूला रात्री बॅटरी बसली तर अडकशील, म्हणून बॅटरी जुनी वाटली तर घेतानाच बदलून टाक.

क्रेटा यातल्या एका जरी तपासणीत नापास झाली तर दाजींची मॅन्युअल ब्रेझा घे, आणि ताईला चढावर गाडी कशी धरायची ते मी येऊन शिकवतो. येत्या रविवारी ट्रायलला मी साताऱ्याहून येतो. तोपर्यंत क्रेटाची सगळी सर्व्हिस बिलं मागवून मला पाठव, आणि बिलं हातात आल्याशिवाय एक रुपयाही बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा