बारीक बाईलाही साखर होते

लघवीच्या जागची खाज हा विषय आमच्याकडे जावाजावांतही उघड निघत नाही. मेडिकलमधून मलम आणायचं, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. माझंही असंच चाललं होतं. मग एका डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून देण्याआधी उपाशीपोटी रक्त तपासून यायला सांगितलं. साखर निघाली १९८.

घरात कुणाला खरंच वाटेना. माझं वजन जेमतेम ५० किलो, मला कुठली साखर? पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत: आपल्यातले पुष्कळ जण दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच. चरबी मात्र सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही हाताशी ठेवा. कंबर बाईची ८०, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो.

रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि तिच्यावर बुरशी पोसते. खाज सुटते ती त्यामुळे. जाताना साखर पाणीही ओढून नेते, म्हणून रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं, घशाला कोरड पडते. खाल्लेलं अंगी लागत नाही. माझं वजन उतरलं तेव्हा हळदीकुंकवाला सगळ्यांनी कौतुक केलं होतं! तहानेला उन्हाळा, थकव्याला घरकाम, जागरणाला वय. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक खुणेला कारण सापडतंच. दोन खुणा जोडीनं दिसल्या तर अंगावर काढू नका. जखम लवकर भरत नाही, नजर धूसर होते, पायांना मुंग्या येतात, हेही त्यातलंच. मुलीच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर मळ म्हणून घासत बसू नका, तिलाही डॉक्टरांना दाखवा.

उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीएवनसी या रक्ताच्या तपासणीत ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. त्रास काहीच नसेल तर पुन्हा तपासून खात्री करतात. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवा येऊ शकतो, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांना रक्त कमीच असतं. डॉक्टरांना ते आधी सांगा. उपाशीपोटी १०० ते १२५ ही काठावरची साखर बहुधा कुठलीच खूण दाखवत नाही. आईवडिलांना मधुमेह असेल तर तिशीपासून दरवर्षी तपासा.

लहान मुलांचं मात्र वेगळं. अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वाळू लागलं, तर त्याच दिवशी साखर बघा. उलट्या किंवा धाप असेल तर थेट दवाखाना गाठा, तासांचा प्रश्न असतो.

मला धाकट्याच्या वेळी गरोदरपणात साखर निघाली होती. बाळंत झाल्यावर ती उतरली, आणि पुढे तपासत राहा असं मला कुणी सांगितलं नाही. तुमचं तसं झालं असेल तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा ग्लुकोज पिऊन तपासणी करा आणि पुढे दरवर्षी करत राहा, अंगात काही जाणवत नसलं तरीही.