हात कधी लावायचा, कधी नाही

अगं, जूनमध्ये विशेष शाळेत मदतनीस म्हणून रुजू होते आहेस, तर शाळा उघडायच्या आधी एवढं कानात साठवून ठेव. शिकवणार बाई, व्यायाम देणार थेरपिस्ट. तुझ्या वाट्याला येणार डबा, चपला, जिना, संडास, रडारड आणि सुटायच्या वेळची रिक्षा. हलकं काम आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. मुलाचा निम्मा दिवस याच कामांत जातो, आणि स्वतःचं स्वतः करायला ते शिकणार तेही इथंच.

पहिले काही दिवस हात मागे ठेवून बघ. बाईंकडून प्रत्येक मुलाची फाइल मागून घे. फिट येते का, औषध कुठलं, गिळायला त्रास आहे का, न्यायला कोण येतं, एवढं आधी वाच. फाइलमध्ये नसतं ते आईला विचार: हा ‘हो’ कसं म्हणतो आणि ‘नको’ कसं? कुणी डोळे वर करतं, कुणी मूठ आवळतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला शब्द फुटत नसेल, पण तुझं बोलणं त्याला सगळं कळत असू शकतं. म्हणून त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आणि 16 वर्षांच्या मुलाला ‘बाळ’ म्हणत गाल ओढायचे नाहीत.

एकदा सांग आणि थांब. ‘पाटी ठेव’ म्हणालीस की मनातल्या मनात दहापर्यंत मोज. आपण काय करतो, ‘पाटी ठेव, अरे ती पाटी जागेवर ठेव ना, ऐकू येतंय का?’ मोठ्या माणसाला हे एकच सांगणं वाटतं. त्या मुलाला मात्र दर वेळी नव्यानं सुरुवात करावी लागते. दहा मोजूनही हललं नाही तर बोट दाखव, मग कोपराला हलका स्पर्श कर. हाताला हात धरून करून घेणं सगळ्यात शेवटी, आणि तेही मागे उभं राहून. समोरून केलंस तर ते पाटीऐवजी तुझ्याकडेच बघत बसेल.

काम शिकवताना शेवटचा टप्पा त्याच्यासाठी ठेव. पॅन्ट गुडघ्यापर्यंत तू चढव, कमरेपर्यंत तो ओढेल. ते जमलं की पुढच्या वेळी तू पोटरीपर्यंतच चढव. अशानं काम पुरं केल्याचा आनंद दर वेळी त्याच्या वाट्याला येतो. आईला सांगून कपडे इलॅस्टिकचे आणि चपला वेलक्रोच्या घ्यायला लाव.

आता घास भरवणं. इथे घाई चालत नाही. मूल ताठ बसलेलं हवं, हनुवटी किंचित खाली, पाय टेकलेले. तू उभी राहून भरवलंस तर ते मान वर करतं आणि घास श्वासनलिकेत जायची भीती असते. म्हणून त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बस. चमचा छोटा घे. आधीचा घास गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा नाही. कोरडे पोहे, चिवडा, दुधात बुडवलेली पोळी अवघड जाते; मऊ वरणभात बरा. काही मुलांना साध्या पाण्यानंच ठसका लागतो. त्यांना काय आणि किती घट्ट द्यायचं ते थेरपिस्ट ठरवतील, आपण अंदाजानं करायचं नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं निजवू नकोस.

फिट आली तर आधी घड्याळ बघ. आजूबाजूची बाकं सरकव, डोक्याखाली मऊ काही दे, कुशीवर वळव, गळ्याशी घट्ट असेल ते सैल कर. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. फिट 5 मिनिटांपुढे गेली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन. आणि हो, डाउन सिंड्रोमच्या मुलांना कोलांटउडी मारायला लावू नकोस; त्यांच्यातल्या काहींच्या मानेचे सांधे सैल असतात.

संडास-बाथरूममध्ये अंगाला हात लावण्याआधी तोंडानं सांगायचं: ‘आता पॅन्ट काढते हं.’ समजो न समजो, दर वेळी सांगायचं. आपल्या अंगाला विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये, हे ते तिथंच शिकतं. वयात आलेल्या मुलाला पुरुष काळजीवाहकाकडे दे. मूल अचानक एखाद्या माणसाला घाबरू लागलं, किंवा काही सांगू लागलं, तर उलटतपासणी करू नकोस आणि ‘कुणाला नाही सांगणार’ असा शब्दही देऊ नकोस. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांग. पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा कायदा आहे आणि अशी गोष्ट पोलिसांना कळवणं त्यानं बंधनकारक केलं आहे. शाळेनं ‘बघू’ म्हटलं तरी तुझी जबाबदारी संपत नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर पाठ असू दे.

आदळआपट, चावणं, किंचाळणं यांना ‘हट्ट’ म्हणून मोकळं होऊ नकोस. वहीत तीन गोष्टी लिही: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग त्याला काय मिळालं. थोड्याच दिवसांत दिसेल की परिपाठाचा स्पीकर लागला की एक जण हात चावतो, आणि वर्गाबाहेर काढलं की दुसरा शांत होतो. म्हणजे पहिल्याला आवाज सोसत नाही आणि दुसऱ्याला बाहेरच जायचं होतं. स्पीकर लागण्याआधी पहिल्याला सांगून लांब ने. दुसऱ्याला ‘बाहेर’चं चित्र दाखवायला शिकव. ऐन गोंधळात मात्र बोलणं कमी, आवाज खाली, आणि बाकीची मुलं दूर.

फाटकाशी आई भेटली की तक्रारीआधी आज त्याला जमलेली एक गोष्ट सांग. बरा कधी होईल असं तिनं विचारलं तर डॉक्टर होऊ नकोस, बाईंकडे पाठव. चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नकोस. ‘असल्या मुलांना शाळा कशाला’ म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांग. जुन्या 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, आता 21 आहेत. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

तुझ्या कंबरेसाठी एक: मोठं मूल एकटीनं उचलू नकोस. खुर्चीचे ब्रेक लाव, जोडीला दुसरी बोलाव, गुडघे वाकव, आणि ‘उचलतोय’ असं मुलाला सांगून उचल.

एप्रिलमध्ये बाई विचारतील, वर्षभर काय केलंस. तेव्हा किती मुलांना भरवलं, किती जणांना उचललं ते सांगू नकोस. कुणाची कुठली मदत बंद केलीस त्याची यादी दे. ‘बाटलीचं झाकण आता स्वतः उघडतो, जुलैपासून हात लावला नाही’, अशा ओळी त्यात असू देत. यादी लांबली तर काम चांगलं झालं म्हणायचं. आणि ज्याच्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्याची वही पुढच्या जूनमध्ये सगळ्यात आधी उघड.